फियाट गाडीचा कौल

नवलाईच्या देवळासमोर त्या सोमवारी जमली तेवढी माणसं शिमग्यात पालखी नाचते तेव्हासुद्धा जमत नाहीत. पूर्णगडच्या बाया मासळीच्या पाट्या वाटेतच उतरवून धावत आल्या होत्या. राजापूरहून सकाळच्या एस.टी.ने घरंच्या घरं उतरली होती. आणि ज्याने ही गर्दी आवरायची तो पोलीसपाटील पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसला होता, कारण त्याची म्हैस हरवली होती. साऱ्यांचे डोळे एका फियाट गाडीवर खिळले होते.

शहाऐंशी सालची दिवाळी नुकतीच सरली होती. गाडी जुनी, मुंबईत टॅक्सी म्हणून झिजलेली. पण आता तिच्या बॉनेटवर हिरवंगार पातळ पांघरलं होतं, वर खण, नारळ आणि तांदूळ ठेवून तिची ओटी भरली होती, काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. पातळाखालून झेंडूची एक जाड माळ निघाली होती, ती थेट केरूबुवाच्या हातातल्या लोखंडी चिमट्यापर्यंत. या माळेने म्हणे बुवाने गाडीतल्या आत्म्याला बांधून ठेवलं होतं.

केरूबुवाने किल्ली दोन बोटांत धरून उंच केली. "बघा बाबांनो! किल्ली माझ्या हातात. यंत्र थंड. आत माणूस नाय, मांजर नाय. आता कोण बोलतंय ता कान देऊन ऐका!" त्याने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि चिमटा थरथरवत बंपरला टेकवला. "बोल गो चिमा, बोल माझ्या लेकी. पाटलाची म्हैस जित्ती हाय?"

गाडी किंचाळली. साधा हॉर्न नव्हे, दोन तोंडांचा भोंगा होता तो. समोरच्या वडावरची वटवाघळं उडाली, पोरं आयांना चिकटली, आणि पाटलाने जमिनीला डोकं टेकलं. भोंगा एकदा वाजला म्हणजे होय, दोनदा वाजला म्हणजे नाही. म्हैस नेमकी कुठे आहे ते चिमाला सांगता येत नव्हतं, कारण होय आणि नाही यापलीकडे तिची विद्या जात नव्हती. पाटलाला त्याचं काहीच वाटलं नाही. म्हैस तरी जिवंत आहे, एवढ्यावर तो डोळे पुसत होता.

गर्दीच्या मागे, वडाच्या पाराला पाठ लावून येसूबाई उभी होती. ती वाडीची सुईण. तीस वर्षांत समोरच्या गर्दीतली निम्मी माणसं तिनेच या जगात ओढून आणली होती. ती विधवा, एकटी, तोंडाने फटकळ, आणि आजवर कुणाला भ्यालेली नव्हती. आता मात्र भीत होती. कारण गाडीत बोलत होती ती चिमा तिच्याच मांडीवर गेली होती.

भाद्रपदातली गोष्ट. चिमा बाळंत झाली, मुलगा खणखणीत रडला, पण वार सुटेना आणि रक्त थांबेना. येसूबाईने क्षणही दवडला नाही. चिमाची सासू गोदूबाई, तिला ती म्हणाली, "ह्या माझ्या हातातला नाय. रत्नागिरीला न्यायला हवी, आत्ताच्या आत्ता." चिमाचा नवरा मुंबईला गोदीत. पण वाडीत हरिश्चंद्राची फियाट होती. तो मुंबईत वीस वर्षं टॅक्सी चालवून गाडीसकट गावी परतला होता. त्याने पाच मिनिटांत गाडी दारात आणली.

फाट्यावर केरूबुवाचं घर. गोदूबाई म्हणाली, अंगारा तेवढा घेऊ. बुवा बाहेर आला, गाडीत डोकावला आणि म्हणाला, "हिला शिवेवरच्याने अडवलीय. उतारा केल्याबिगर शीव ओलांडलात तर मायलेकरांवर बेतेल." मग कोंबडा शोधला, मग लिंबू कापलं, मग गाडीभोवती पाण्याची धार धरली. गाडी पाऊण तास अंगणात उभी होती. मागच्या सीटवर चिमाचं डोकं मांडीवर घेऊन येसूबाई ओरडत होती, "अरे, चला रे! रक्त थांबत नाय हिचा!" सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि हात खाली ठेवला. "अर्धा तास आधी आणायची होती, बाई," एवढंच ते म्हणाले.

येसूबाईने ते वाक्य पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीत, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगितलं. केरूबुवाच्या कानावर ते जायचं तसं गेलं. गाडीत मरण झालं म्हणून तिची शुद्धी करायला हवी, असं सांगून त्याने फियाट अकरा दिवस आपल्या पडवीत ठेवून घेतली. हरिश्चंद्राचं मन तर आधीच खात होतं, त्याने किल्लीही देऊन टाकली. बाराव्या दिवशी त्याने ती नवलाईच्या देवळासमोर आणून उभी केली, आणि गाडी बोलू लागली.

हा केरू मुंबईत कुठल्याशा गॅरेजात बारा वर्षं होता, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. पण तिथे त्याला दृष्टांत झाला हेही ठाऊक होतं. लोकांनी दृष्टांत तेवढा लक्षात ठेवला आणि गॅरेज विसरले.

सगळ्यात वाईट होतं ते गोदूबाईचं. ती रोज संध्याकाळी नातवाला काखेत घेऊन बंपरपाशी बसायची आणि विचारायची, "जेवलीस काय गो? थंडी वाजते काय? बाळ दिसतो काय तुला?" बुवा चिमटा टेकवायचा आणि भोंगा व्हय म्हणायचा. म्हातारी पदर तोंडाशी धरून रडायची आणि शांत होऊन घरी जायची. येसूबाईला तिने बाळाला न्हाऊ घालायलासुद्धा बोलावणं सोडलं होतं.

पाटलाची म्हैस आटोपली आणि बुवाने आवाज खाली आणला. "आता शेवटचा सवाल. चिमा, तुझा जीव कुणी घेतला? सासूनं?" भोंगा दोनदा वाजला. "हरिश्चंद्रानं?" पुन्हा दोनदा. "मग काय त्या सुईणीनं?"

या वेळी भोंगा थांबेचना. गर्दीची डोकी एकेक करून मागे वळली. येसूबाईने बाळपणी पायांवर घेऊन न्हाऊ घातलेले सगळे चेहरे तिच्याकडे बघत होते, आणि त्यांतला एकही ओळखीचा वाटत नव्हता.

"मी नाय बोललो, बाबांनो," केरूबुवा कानाची पाळी धरून म्हणाला, "मी पामर माणूस. ही बोलली! पण नवलाईच्या दारात अन्याय नको. येत्या रविवारी कढईत तेल उकळू. तळातलं कडं येसूबाईनं हातानं काढावं. हात भाजला नाय तर ती सुटली. भाजला तर तिनं गाव सोडावं."

पाटील मान डोलावत होता.

*

येसूबाई घरी आली आणि आपल्या हातांकडे बघत बसली. हेच तिचं भांडवल. आडवं मूल पोटावरून फिरवून सरळ करणारे हे हात. तेलात घातले की ते कामातून जातील, आणि मग गाव सोडून ती जाईल कुठे? पण खरं सांगायचं तर तेलापेक्षा तिला दुसरीच भीती खात होती. भोंगा खरं बोलत असला तर? त्या दिवशी आपण नाळ जोरात ओढली होती का? आठवत नव्हतं. तीस वर्षांत कधी न चुकलेली ती बाई अंधाऱ्या पडवीत स्वतःचीच उलटतपासणी घेत होती, आणि दर वेळी उत्तर निराळं येत होतं.

आत्माराम गुरुजी आले. वाडीच्या शाळेत ते सातवीपर्यंत विज्ञान शिकवत. गेले चार दिवस ते फियाटभोवती घिरट्या घालत होते, त्यावरून पोरं त्यांना हसतही होती.

"वहिनी, मी हरलो," ते उंबऱ्यावरच बसले. "भोंग्याला करंट फार लागतो. त्याला बोटाएवढी नाही तरी चांगली जाडजूड वायर हवी. मी चारही बाजूंनी बघितलं. बुवाच्या हातात वायर नाही, पायाखाली नाही. गाडीतून बाहेर येते ती फक्त फुलांची माळ."

येसूबाईने हळूच विचारलं, "म्हणजे ती चिमाच?"

"छे! मला कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला कळलं नाही म्हणून लगेच भूत कुठून आलं?"

बोलणं शहाणपणाचं होतं, पण त्याने येसूबाईची भीती काही हटली नाही. गुरुजींसारख्या शिकलेल्या माणसाने हात टेकले होते. पुढचे चार दिवस तिने अन्न असं घशाखाली उतरवलं नाही. पाण्याला जावं तर बाया घागरी उचलून चालू लागत.

शनिवारी गुरुजी पहिल्या एस.टी.ने रत्नागिरीला गेले. तिथे गाड्यांची वायरिंग करणारा धोंडू मिस्त्री त्यांच्या ओळखीचा होता. संध्याकाळी परतले ते येसूबाईच्या घरी घुसलेच, आणि पिशवीतून त्यांनी आगपेटीएवढी एक काळी डबी काढली.

"ह्याला रिले म्हणतात. चारच टोकं असतात, बघा." त्यांनी बॅटरीचे आठ सेल एकापुढे एक बांधून आणले होते. केसासारख्या बारीक तारेचं टोक त्यांनी सेलला टेकवलं. डबीत टक् झालं. तार उचलली, पुन्हा टक् झालं. "हात ठेवा वर. लागलं बोटाला? आत एक चुंबक आहे. बारीक तारेतून जरासा करंट गेला की तो आतली पट्टी ओढतो, आणि पट्टी जाड वायरीचा रस्ता जोडते. शेताच्या पाटाला फळी असते ना? फळी उचलायला पोराचा हात पुरतो, पाणी मात्र सगळ्या मळ्याला पुरेल एवढं सुटतं. भोंग्याची जाड वायर बॉनेटच्या आतच आहे, वहिनी! बाहेर येते ती फक्त फळी उचलणारी तार. ती मी जाड शोधत बसलो, म्हणून सापडली नाही."

"आणि किल्ली? ती तर त्याच्या हातात असते."

"बॅटरीला किल्लीचं काय? किल्ली काढली तरी ती आपली जागीच असते. बुवा रोज सकाळी गाडी तासभर चालू ठेवतो, चिमाला श्वास घेऊ दे म्हणतो. भुताला श्वास लागतो की बॅटरीला चार्जिंग?"

येसूबाई किती तरी दिवसांनी हसली. मग पुन्हा गंभीर झाली. "मग उचला की ता पातळ उद्या, आणि दाखवा साऱ्यांना."

गुरुजींनी मान खाली घातली. "तिथेच तर मेख आहे. लोकांच्या लेखी ती गाडी नाही, चिमा आहे. तिच्या अंगावरच्या पातळाला कुणी पुरुषाने हात घातला तर जिवंत सोडतील का? केरूने तीच तर युक्ती केलीय. पोलीस जरी आला तरी पातळ उचलायचा नाही. आणि बायांची छाती होत नाही."

येसूबाईने डबी उचलून गुरुजींच्या हातात ठेवली. मग म्हणाली, "मी उचलीन. काय बघायचा ता नीट सांगा."

*

रविवारी दहा वाजता कढईतलं खोबरेल धुरावलं होतं. तळाशी लोखंडी कडं पडलं होतं. येसूबाई कढईपासून दूर थांबली होती. गुरुजींनी सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं, पण आता गर्दीत उभं राहिल्यावर डबी, तार, फळी हे सगळं खोटं वाटत होतं आणि भोंगा तेवढा खरा. पातळाखाली काहीच सापडलं नाही तर? कमरेच्या चंचीत तिने नाळ कापायचं नवं पातं ठेवलं होतं, ते ती पुन्हा पुन्हा चाचपत होती.

"बोल चिमा! ह्याच बाईनं तुझा घात केला?" बुवाने चिमटा टेकवला. भोंगा ओरडला. "ऐकलात? चल बाय, कढईत हात घाल."

येसूबाई चालू लागली, पण कढईकडे नाही. ती सरळ फियाटसमोर जाऊन उभी राहिली.

"हात लावू नकोस!" केरूबुवा कडाडला. "बाईच्या पातळाला हात?"

"बाईच्याच पातळाला हात घालणा हा माझा धंदा हाय, बुवा." तिने आवाज चढवला. "हिचा बाळ मीच काढलाय. आता हिला काय दुखतंय ता मी बघणार. बायांनो, आडोसा धरा! बाप्यांनो, तोंडा फिरवा!"

हे शब्द त्या वाडीने दर बाळंतपणाला ऐकले होते. विचार करायच्या आधीच बायांनी पदर पसरले, लुगड्यांची भिंत उभी राहिली आणि दीडदोनशे बाप्ये पाठ करून उभे राहिले. पाटीलही वळला. उरला एकटा केरूबुवा.

"बुवा, तुम्ही पुरुष नव्हे काय?" आत्माराम गुरुजींनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

गर्दीत कुणीतरी खुसकन हसलं. बुवाला वळावं लागलं. चिमटा मात्र त्याने घट्ट धरून ठेवला.

येसूबाईने पातळ वर केलं. जाळीच्या फटीतून माळ आत शिरत होती. तिने दोन फुलं बाजूला सारली. आत दोरा नव्हता. तांबूस, चकचकीत, केसासारखी तार होती. येसूबाईचे डोळे भरून आले, कारण तिने चिमाला मारलं नव्हतं. तिने पातं काढलं, तार कापली, आणि सांगितल्याप्रमाणे टोक खरवडून उघडं केलं.

"झाला. वळा आता. बुवा, विचारा काय विचारायचा ता."

बुवाने चिमटा टेकवला. काही नाही. पुन्हा टेकवला. मग आपटला. लोखंडावर लोखंड ठणठणलं, भोंगा हूं की चूं करीना. "विटाळ केलान!" तो किंचाळला. "आत्मा कोपला! आता साऱ्या वाडीवर येईल!" लोक मागे सरले. दोघातिघांनी दगड उचलले. येसूबाईला वाटलं, आता आपण मेलो.

तिने हातातलं टोक पुढे केलं. "चिमा, पाटलाची म्हैस माझ्या चुलीखाली बसलीय काय?" तार बंपरला लागली आणि भोंगा वाजला. "हिमालय आपल्या पूर्णगडच्या खाडीत हाय काय?" भोंगा पुन्हा व्हय म्हणाला. दगड खाली पडले.

मग गोदूबाई पुढे आली. नातू तिच्या काखेत होता. "दे हिकडं," ती म्हणाली. तिने काहीच विचारलं नाही. तार लावली, भोंगा वाजला. उचलली, थांबला. पुन्हा लावली. पाचसहा वेळा तिने तसं केलं, आणि दर वेळी तिचा चेहरा उतरत गेला. दोन महिने ती ज्या सुनेशी बोलत होती ती तिथे नव्हती.

गुरुजींनी पातळ घडी करून बाजूला ठेवलं आणि बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारी काळी डबी स्क्रूने पक्की बसवली होती. "ही काढा, तुमचा आत्मा खिशात मावेल," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बॅटरीतून जाड वायर रिलेत आणि तिथून भोंग्यात. रिलेतल्या चुंबकाची बारीक तार जाळीतून माळेत आणि माळेतून चिमट्यात. गाडीची सगळी बॉडी म्हणजे बॅटरीची दुसरी वायर, म्हणून चिमटा बंपरला टेकला की करंटची चक्कर पूर्ण. हरिश्चंद्र खाली बसून कपाळावर हात मारत होता. "वीस वर्षं मी गाडी चालवली, आणि माझ्याच गाडीला मी नमस्कार घालत होतो!"

केरूबुवा देवळामागून सटकत होता. पाटलाने त्याची मानगूट धरली. उशिरा का होईना, त्याला आपण पोलीसपाटील असल्याचं आठवलं होतं.

"केरू," गोदूबाई म्हणाली. बुवा म्हणाली नाही. "त्या दिवशी तुझ्या अंगणात गाडी पाऊण तास उभी होती. ता पण असलाच काय होता?"

केरूने मान वर केली नाही. गोदूबाई तिथेच मटकन बसली. "मीच थांबा म्हटला," ती म्हणत राहिली, "मीच अंगारा मागितला."

आता गुरुजी बोलणार होते. त्यांनी भाषणही तयार करून आणलं होतं. पण येसूबाई गोदूबाईशेजारी बसली, तिने बाळाला आपल्याकडे घेतलं, आणि बसल्या बसल्याच बोलली.

"मी पण भ्यायली. मला पण वाटला, चिमाच बोलते. पण मेलेला माणूस बोलत नाय, गावकऱ्यांनो. भोंग्यातनं नाय, कौलातनं नाय, कुणाच्या अंगात येऊन नाय. चिमा बोलत होती ती गाडीत, माझ्या मांडीवर, जित्ती असताना. 'मला लवकर न्या गो' म्हणत होती. तेव्हा कुणी ऐकला नाय, आणि मेल्यावर ऐकायला राजापूरहून माणसा आली. पुढच्या वेळी कुणाची लेकसून अडली तर गाडी थेट दवाखान्यात न्या. वाटेत कुणाच्या दारात थांबू नका."

दुपारपर्यंत हरिश्चंद्राने रिले उपटून काढला, गाडी धुतली आणि टाकी भरून आपल्या अंगणात उभी केली.